रांगेत सोडलेली ट्रॉली

मित्रांनो, बोळिंजमधल्या एका मोठ्या दुकानाच्या दारात ट्रॉल्या एकमेकींत घुसवून ठेवलेल्या असतात. त्यांत सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून उभी असलेली मी. माझं पुढचं एक चाक कुरकुरतं, जाळीवर गंज चढला आहे. नव्या, हलक्या ट्रॉल्या समोर असताना मला हात कोण लावणार? तरी मला तुम्हाला एक सांगायचं आहे. मोठी माणसं घाईत असतात, तुम्ही ऐकून घ्याल.

माझा जन्म वसई पूर्वेच्या एका कारखान्यात झाला. लोखंडी तारा वाकवून, जोडून माझी जाळी बनवली. तिच्यावर चकचकीत मुलामा दिला आणि दांड्याला लाल आवरण बसवलं. दुकान उघडलं त्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती. माझ्यात बसण्यासाठी भावंडं भांडायची. गणपतीचा गूळ, नाताळच्या केकसाठी मनुके आणि काजू, लग्नघरचे तेलाचे डबे, सगळं मी वाहिलं. "ही ट्रॉली दणकट आहे हं," असं लोक म्हणायचे, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

दांडा धरणारे हात मला हळूहळू ओळखता येऊ लागले. काही हात दुकानात शिरताना कोरडे असत आणि आतल्या मांडण्यांपाशी पोहोचेपर्यंत गार, घामेजलेले होत. प्रिस्काचे हात तसे होते.

प्रिस्का जवळच्याच वाडीत राहायची. मी जड होते म्हणून तिला मीच लागायचे, माझ्यावर भार देता यायचा. बाहेर बागेत ती एकटी केळीचा घड उतरवायची. दुकानात मात्र तिची छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटायची.

असं का होतं, तुम्हाला सांगते. कुत्रा अंगावर आला की आपलं हृदय जोरात चालतं आणि पायांत पळायचं बळ येतं. शरीर आपल्याला वाचवत असतं. कधी कधी मात्र कुत्रा नसतानाच शरीर तशी हाकाटी करतं. दुकानात खिडकी नाही. डोळ्यांवर पांढरे दिवे, कानांवर गाणी, एका साबणाचे चाळीस प्रकार, पुढे माणसं, मागे माणसं. मनात येतं, मी इथे पडले तर? बाहेर कशी जाऊ? एकदा तसं झालं की पुढच्या वेळी दुकानापेक्षा त्या भीतीचीच भीती वाटू लागते. यात भित्रेपणा नाही, नाटकही नाही.

प्रिस्काने आधी बाजार सोडला होता, मग नाताळची गर्दी टाळली होती. आमचं दुकान तेवढं उरलं होतं. दुपारी गिऱ्हाईक कमी असताना ती यायची, थोडंच घ्यायची आणि निघायची.

उन्हाळ्यात तिची मुलगी क्लेमेंटीन चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेणार होती, तिचं पहिलं कम्युनियन होतं. पांढरा झगा शिवून झाला होता, सँडल राहिले होते.

"मम्मी, तूच चल ना," क्लेमेंटीन दारातच म्हणत होती. "पप्पा मागच्या वेळी मुलग्यांचे बूट घेऊन आले!"

"आले की नाही मी? चल," प्रिस्का हसली. पण तिने दांडा धरला आणि मला कळलं, आज तिचे हात दारातच गार होते.

त्या दिवशी शनिवार होता, दुकान भरलेलं होतं. क्लेमेंटीनने मोत्यांच्या बकलचे सँडल निवडले आणि माझ्यात अगदी वर ठेवले. आम्ही बिलाच्या रांगेत उभ्या राहिलो. रांग हलेना. प्रिस्काची बोटं माझ्या दांड्यावर घट्ट आवळली. मग एकदम सुटली.

"मला जाऊ द्या," ती पुढच्या माणसाला म्हणाली.

"सगळ्यांनाच घाई आहे, ताई. रांगेतच राहा."

"मला काही घ्यायचं नाही. फक्त बाहेर जायचंय."

"मग एवढं भरलंय कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि दोघीतिघी हसल्या.

मित्रांनो, आमच्या दुकानात काही न घेणाऱ्यालाही बिलाच्या रांगेतूनच बाहेर पडावं लागतं. प्रिस्का अंग चोरत, धक्के खात दारापर्यंत गेली. तिथे धर्मा उभा होता, आमचा पहारेकरी.

"मॅडम, बिल?"

"नाही... काही घेतलं नाही."

"मग पर्स उघडा. सगळ्यांचीच बघतो."

तिला पर्सची चेन उघडता येईना. "चोर असे सभ्यच दिसतात हो," रांगेतली एक बाई म्हणाली. पर्स खाली पडली. रोझरीची जपमाळ, रुमाल, किल्ल्या फरशीवर पसरल्या.

"धर्मा, सोड त्यांना! नेहमीच्या आहेत त्या," बिल करणारी दिपिका जागेवरून ओरडली.

धर्माने प्रिस्काचा चेहरा पाहिला आणि तोही घाबरला. "पानी आना कोनीतरी, पानी!" पण प्रिस्का तोवर बाहेर पळाली होती. क्लेमेंटीन खाली बसून किल्ल्या गोळा करत होती. मान वर करून तिने एकदाच म्हटलं, "मम्मी, सँडल..." आणि तीही धावली.

मी रांगेतच उभी राहिले. कोणीतरी मला पायाने बाजूला सारलं. माझ्यातलं सामान परत मांडणीवर गेलं, सँडलही.

पुढे क्लेमेंटीन तिच्या पप्पांबरोबर, केविनबरोबर आली. दिपिकाने विचारलं, "झालं का गं कम्युनियन?"

"झालं. शेजारच्या डायनाताईचे जुने सँडल घातले. मोठे होत होते, आत कापूस घातला."

केविन हळू आवाजात म्हणाले, "प्रिस्काचा ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक. डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरांना दाखवा, यावर उपाय आहे. पण घरात आई म्हणते, आपल्या घरात कोणी वेडं नाही. आणि प्रिस्कालाही तेच खरं वाटतं."

"अहो, वेडाचं काय त्यात? माझ्या मावशीला असंच व्हायचं. आता एकटी बाजार करते."

"सांगून बघतो," केविन म्हणाले. पण ते सांगणार नाहीत, हे त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

त्या दिवशी नव्या ट्रॉल्या संपल्या होत्या म्हणून त्यांनी मला घेतलं. फोनवर प्रिस्काचा चेहरा होता. "तांदूळ तो नाही, शेजारचा," ती घरून सांगत होती. मांडण्यांच्या मधोमध आलो आणि तिचा आवाज बदलला.

"केविन, ते दिवे नको दाखवू. फोन खाली कर. बंद कर, बंद कर!"

फोन बंद झाला. केविननी फोन खिशात टाकला. मग मला तिथेच सोडून दिपिकाकडे गेले.

"घरपोच देता ना तुम्ही?"

"देतो."

"मग तसंच करू."

आता मागच्या दाराने टेम्पो निघतो, त्यात प्रिस्काच्या घरचं सामान असतं. ती आता रविवारी चर्चलाही जात नाही, असं क्लेमेंटीन दिपिकाला सांगत होती. मी लवकरच भंगारात जाईन, त्याचं मला काही वाटत नाही. प्रिस्का परत येईल असंही मला वाटत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागते, मित्रांनो. रांगेत कोणी घाबरंघुबरं होऊन निघालं, तर हसू नका आणि का म्हणून विचारू नका. बाजूला व्हा. दारापर्यंत वाट करून द्या. त्या दिवशी इतकी माणसं होती, पण प्रिस्कासाठी कोणीही एक पाऊल सरकलं नाही.