पौषातला आंब्याचा वास

पौष महिना, आंब्याला धड मोहोर नाही, आणि मारुंजीत वाल्मीकरावांच्या अंगणात पिकल्या आंब्याचा घमघमाट! गर्दी तर अशी, की भाडेकरूसुद्धा लॅपटॉप मिटून खाली आलेले. मधोमध भगत काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन बसला होता. त्यानं फू केलं की घोंगड्यातून पांढरा धूर यायचा. ना विस्तव, ना राख.

"झाड आलंय माज्या अंगात!" तो घुमू लागला. "मला तोडून खोल्या बांदल्या व्हय? आता पोराचा दम घेतो!"

झाड मोठं हुशार, बोलायचं अगदी भगताच्याच आवाजात. पण लोक थरथरत होते. वाल्मीकरावांनी आजोबांनी लावलेला आंबा तोडून भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या, हे खरं. पुढं वरच्या रिकाम्या खोलीच्या बंद दाराआडून तोच वास येऊ लागला, खिडकीच्या काचेवर चिकट थर धरू लागला. भगत म्हणाला, आंब्याचा चीक. झालं! काचेला हळदकुंकू लागलं.

वाल्मीकरावांचा ओम, माझा जुना विद्यार्थी, आता लवळ्याला कॉलेजात. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून तो धापा टाकत होता. त्याचे निळे पडलेले ओठ मला अजून दिसतात.

"रंभाबाई, दवाखान्यात न्या हो याला!" मी म्हणाले.

"मैमुनाबाई, भगत म्हनत्यात, उंबरा वलांडला तर पोरगं जाईल," त्याची आई रडत म्हणाली. "झाडानं धरलंय वो त्याला. आमचंच पाप हाय."

भगतानं ओमसमोर मिरच्यांची धुरी करायला घेतली, आणि माझं डोकंच फिरलं. दिवेलागण झाली होती. त्यानं पुन्हा फू करण्याआधी घोंगड्याआड काहीतरी निळं लुकलुकलं. झाडाला कधी दिवा असतो? मी घोंगडं ओढलं. त्याच्या मुठीत व्हेप होती, ती बॅटरीवरची सिगारेट.

"मंत्राची नळी हाय! शिवू नगा, भस्म व्हाल!"

"बाई... ती माझी आहे," ओम कसाबसा बोलला. "वरच्या खोलीत ओढायचो. खोली बघायला आले, तेव्हा या भगतांनी उचलली."

वाल्मीकराव मटकन खाली बसले. "बसता काय? गाडी काढा!" मी ओरडले.

दवाखान्यात डॉक्टर रुहीनं एक्स-रे दाखवला. काळी दिसायला हवीत ती फुप्फुसं दोन्हीकडे पांढुरकी झाली होती. तिनं समजावलं, नळीत बॅटरीनं तार तापते, आणि ग्लिसरीन, निकोटीन न् आंब्याच्या सुगंधाच्या द्रवाची वाफ होते. तीच छातीत जाते, तीच काचेवर बसते. कसला चीक न् कसलं काय! बंदी असून हे चोरून विकतात, आणि पोरं म्हणतात, नुसती वाफच तर आहे.

ओम वाचला. वैशाखात रंभाबाईंनी आंबा कापला, तर वासानंच तो ताटावरून उठला आणि अर्ध्या जिन्यात दम लागून बसला.

रंभाबाई त्या खोलीची काच अजून रोज पुसतात. स्वच्छ आहे हो, म्हटलं तरी पुसतात. गल्लीतल्या बायांना सांगतात, "पोराला धाप लागली तर आदी डॉक्टर गाठा. भगत नगं, झाडाला दोष नगं. मी उंबऱ्यात अडून बसले, तेवढा दम माज्या पोराचा गेला."