नेटबिगर आठ दिवस

मुरुमच्या लक्ष्मम्मा ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकायच्या. पापडासारख्या कुरकुरीत, महिनाभर टिकणाऱ्या. भाचीच्या सांगण्यावरून त्यांनी वर्षापूर्वी मोबाइलात नेट घेतलं होतं; भाकऱ्यांचे फोटो टाकायचे आणि मागणी घ्यायची. या खेपेला महिन्याचा रिचार्ज संपला तेव्हा दुकानदार शिवकुमार म्हणाला, "अक्का, नेटचा मारू का नुसता बोलायचा? नेटचा लई महाग झालाय."

लक्ष्मम्मा अडखळल्या. नेटनं आपल्याला नेमकं काय मिळतं, हे त्यांना सांगता येईना.

"नुसता बोलायचा मार. आठ दिवस नेटबिगर राहून बघते."

पहिल्याच दुपारी त्यांचे यजमान धोंडप्पा वैतागले. जेवण झालं की ते पडल्या पडल्या त्याच मोबाइलवर कुस्त्या बघायचे. "नेट भाकरीसाठी घेतलं व्हतं का तुमच्या कुस्त्यांसाठी?" लक्ष्मम्मांनी विचारलं. ते कूस बदलून झोपले. चौथ्या दिवशी मात्र आपणहून चुलीपाशी आले आणि दहा-दहा भाकऱ्या मोजून पिशव्या भरू लागले. दोघं कितीतरी दिवसांनी एवढं बोलले. लक्ष्मम्मांना बरं वाटलं.

मागणी घटेल असं त्यांना वाटलं होतं, पण ती वाढली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, गावाकडं आलेली माणसं परत जाताना भाकऱ्या नेऊ लागली. मग ही वाढ सणामुळं, की नेट नसलं तरी धंदा चालतोच? लक्ष्मम्मा प्रत्येकाला विचारत, "आमचं नाव कुणी सांगितलं?" एकजण म्हणाला, वहिनीनं. वहिनीला कुणी सांगितलं? "तिनं मोबाइलवर बघितलं असंल," तो म्हणाला. आता हे गिऱ्हाईक नेटचं धरायचं, का वहिनीचं?

सहाव्या दिवशी मोबाइलवरून मागणी देणाऱ्या उमरग्याच्या सोनाली मॅडम स्वतःच दारात आल्या. "मावशी, तीन दिवस झाले मेसेज टाकून. उत्तर नाही म्हणून पन्नास भाकऱ्या दुसरीकडून घेतल्या." लक्ष्मम्मांचा चेहरा उतरला. पण आल्यासारखं मॅडमनी वीस भाकऱ्या घेतल्या, वर किलोभर शेंगाचटणी घेतली आणि चहा पीत तासभर बसल्या. त्या गेल्यावर लक्ष्मम्मांनी नवऱ्याला विचारलं, "आवं, ह्यात आपलं नुकसान झालं का फायदा?"

धोंडप्पांनी उरलेल्या भाकऱ्या मोजल्या. "दोन्ही," ते म्हणाले.

आठव्या दिवशी लक्ष्मम्मांनी आळंदला बहिणीला, इरम्माला, फोन लावला. ज्वारीचा भाव विचारायचा होता. इरम्मा तुटकच बोलली.

"काय झालं गं तुला?"

"मला काय हुतंय? नात झाली तरी तू एक शब्द बोलली न्हाईस."

"नात? कधी?"

"पाच दिस झाले. त्याच दिवशी फोटू टाकला की!"

"अगं, नेट न्हाय माझ्याकडं. फोन करायचास!"

"फोटू टाकल्यावर फोन कशाला?"

मग इरम्मा हळूच म्हणाली, "मला वाटलं, तू कशावरनं तरी रागावलीस."

फोन ठेवल्यावर लक्ष्मम्मांना रडू आलं आणि रागही आला, पण कुणाचा ते कळेना. नेट असतं तर नात त्याच दिवशी दिसली असती. आणि नेट कधी आलंच नसतं, तर इरम्मानं त्याच घटकेला फोन केला असता. मग दोष नेट नसल्याचा, का नेट आल्याचा?

त्या तशाच दुकानात गेल्या. "शिवकुमार, नेट मार."

"म्हंजी परवडतं, असं ठरलं?"

"ते काय न्हाय कळलं. तू मार."

मोबाइल टिंगटिंग करत राहिला. शुभ सकाळची फुलं, दोन जुन्या मागण्या, आणि पिवळ्या दुपट्यात गुंडाळलेली, मुठी आवळलेली पोर. लक्ष्मम्मांनी शिवकुमारला फोटो दाखवला. नाक कुणासारखं आहे, ते त्यात दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्या आळंदला गेल्या. पोरीला मांडीवर घेऊन पोटभर बघितलं. दोन दिवस राहिल्या, इरम्माशी भांडल्या, हसल्या, दोघींनी आईची, अव्वाची, आठवण काढली.

परत आल्यावर धोंडप्पांनी विचारलं, "मग, पुढच्या महिन्यात नेट ठेवायचं का?"

"मला इचारू नका," लक्ष्मम्मा म्हणाल्या, "पोरीचं नाक आमच्या अव्वासारखं हाय."

आणि त्या पीठ मळायला बसल्या.