कमठाण्यावरून गेलेला उपग्रह

बिदर शहरातल्या मैलूरच्या चौकात सुनीलकुमारचं मोबाईलचं दुकान आहे. फुटलेल्या काचा बदलायच्या, चार्जर विकायचे, आणि गिऱ्हाईक जरा टेकलं की त्याला आपली मतं ऐकवायची, असा त्याचा धंदा. मतं फुकट मिळत आणि मालापेक्षा जास्त असत. नवा फोन बाजारात आला की कोणाच्याही आधी याचा निकाल तयार. कॅमेरा चांगला पण बॅटरी बदलता येत नाही, मग घेता कशाला? घड्याळ झोप मोजतं, पण मोजलेली झोप तुम्हालाच दाखवायला दरमहा भाडं मागतं, मग झोप कोणाची?

त्याचा मुख्य राग कुलूपबंद यंत्रांवर होता.

"आता बघा अण्णा," समोर बसलेल्याला तो म्हणे, "बिदरच्या बाजारात एक मराठी बोलतो, एक कन्नड, एक दखनी. तरी सौदा होतो का न्हाई? होतो. अन् हे दोन फोन शेजारी ठेवा, एकमेकाला वळख दाखवणार न्हाईत. त्यांना येत न्हाई असं न्हाई. कंपनीनं तोंड शिवलंय. ओपन स्टँडर्ड म्हंजे काय, तर बोलायची रीत सगळ्यांना सांगून टाकायची. मग कुणीबी यंत्र बनवावं, कुणीबी जोडावं."

समोरचा माणूस मान हलवून चार्जर घेऊन निघून जाई. मग उरे सुनीलची बायको तुळजा. ती काउंटरवर रिचार्ज आणि हिशेब बघत असे आणि कान एकीकडे ठेवत असे. सुनीलला विज्ञानकथांचं वेड होतं. कन्नड, मराठी, इंग्रजी, मिळेल ते तो वाचत असे, आणि त्यावरही त्याचं एक ठाम मत होतं.

"दुसऱ्या सूर्यमालेतलं यान येतं, आपल्या यानाला चिकटतं, अन् दार बरोब्बर बसतं. आजवर एकानं तरी लिवलंय का, की दार बसंना, आधी अडॅप्टर आणा?"

"तसं लिवलं तर गोष्ट आपल्या दुकानातच संपंल," तुळजा म्हणाली होती. त्यावर त्याला हसू आवरलं नव्हतं.

सुनीलचे मामा गुंडाप्पा शहराजवळच्या कमठाणे गावी असतात. सुनीलची आई बाणूबाईही तिथंच, भावाजवळ. शहरात तिचा जीव रमत नाही. यांच्या मागच्या पिढ्या मेंढरांमागं हिंडणाऱ्या. बाणूबाईनं स्वतः लग्नाआधी आणि लग्नानंतरही कळपामागं पावलं झिजवली. आता मेंढरं गेली, रान आलं. तूर, हरभरा, थोडी ज्वारी.

दोन-एक वर्षांमागं गुंडाप्पामामांनी रानात हवामानाचा एक डबा बसवला होता. लोखंडी खांबावर पांढरी पेटी, वर वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या. वारा किती, ओल किती, पाऊस कधी, सगळं फोनवर दिसे. मामा गावभर ते दाखवत. मग या हिवाळ्यात एका सकाळी फोनवर नुसतंच गोल गोल फिरायला लागलं. सुनीलनं चौकशी केली तर कळलं, डबा बनवणारी ती लांबच्या शहरातली छोटी कंपनी बंद पडली. तिचा सर्व्हर बंद, म्हणून मामांचा फोन आंधळा.

सुनील हत्यारं घेऊन कमठाण्याला गेला. पेटी उघडली. आत सगळं ठणठणीत होतं. वाट्या फिरत होत्या, दिवा लुकलुकत होता, यंत्र वारा मोजत होतं. पण मोजलेलं ते फक्त त्या मेलेल्या सर्व्हरलाच सांगायला तयार होतं, तेही सांकेतिक भाषेत. त्यानं दुपारभर खटपट केली. कुलूप निघालं नाही.

बाणूबाई बांधावर बसून हे सारं बघत होती. शेवटी म्हणाली, "सुन्या, रान आपलं, वारा आपला, डबाबी पैशे देऊन आणलेला. मग कुलूप कुणाचं रे?"

दुकानात हेच सुनील दिवसभर सांगत असे, पण आईनं विचारलेला प्रश्न त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा सरळ होता. पेटी बंद करून तो गुपचूप घरी आला.

तीच गोष्ट डोक्यात घोळत असताना त्याला कुठंतरी वाचलेलं आठवलं. हवामानाचे काही उपग्रह जे बघतात ते बघता बघताच खाली सांगत जातात. रेडिओवर, उघड्या आवाजात. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, असा भेद नाही. सांगायची रीत छापून जाहीर केलेली. ज्याला कान आहे त्यानं ऐकावं.

कान बनवणं फार अवघड नव्हतं. टीव्ही बघण्यासाठी म्हणून निघालेली पेनड्राइव्हएवढी एक काडी मिळते. हौशी लोकांनी शोधून काढलं की ती टीव्हीशिवायही बरंच काही ऐकू शकते. ती त्यानं मागवली. ॲल्युमिनियमच्या दोन सळ्या कापल्या, प्लास्टिकच्या नळीवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवल्या, वायर जोडली. जुन्या लॅपटॉपवर फुकट मिळणारा प्रोग्राम चढवला. जगभरच्या अनोळखी लोकांनी तो फावल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिला होता.

मैलूरच्या गच्चीवर पहिला प्रयत्न केला. उपग्रह वेळेवर आला आणि गेला, असं प्रोग्राम सांगत होता. पडद्यावर मात्र मुंग्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा मुंग्या. वरून हवाई दलाच्या तळावरची प्रशिक्षणाची लढाऊ विमानं गडगडत गेली. बिदरमध्ये त्यांच्याकडं कोणी मान वर करून बघत नाही. सुनील मात्र तासभर आभाळाकडं बघत उभा होता, म्हणून शेजारीण नागूबाईनं तुळजाला हळूच विचारलं, "बरं हाईत ना ते?"

तुळजा वर आली. कठड्यावरून वाकून तिनं आजूबाजूला बघितलं. प्रत्येक घरात इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे, पलीकडं टॉवर; रेडिओवर या सगळ्यांचीच खरखर.

"अव्हो, हितं लई गोंगाट हाय," ती म्हणाली. "ते बिचारं वरून हळू बोलायलंय, अन् खाली सगळी गल्ली वरडायलीय. मामांच्या रानात जाऊ की."

सुनीलनं तिच्याकडं बघितलं. दोन दिवस तो सळ्यांचा कोन बदलत बसला होता.

रविवारी दुकान बंद ठेवून दोघं सकाळीच कमठाण्याला पोचले. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. तूर काढणीला आलेली. सळ्या कुठं उंच बांधाव्यात म्हणून शोध घेतला, तर मामांनी त्या पांढऱ्या डब्याचाच खांब दाखवला. "बांध त्यालाच. निदान उभं ऱ्हायल्याचं सार्थक हुईल."

लॅपटॉप बाजेवर ठेवला, वर गोधडीची सावली केली. मामा, बाणूबाई, तुळजा असे सगळे दाटीवाटीनं बसले.

"कुठून येणार?" मामांनी विचारलं.

"उत्तरेकडून. हिमालयावरून सरळ आपल्या डोक्यावरून खाली समुद्राकडं."

"अन् आपल्याला दिसंल?"

"त्यो दिसणार न्हाई मामा. त्याला जे दिसतं ते आपल्याला दिसंल."

डबा बसवणारा माणूसही सगळं दिसेल असंच सांगून गेला होता, हे आठवल्याचं मामांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

लॅपटॉपमधून फसफस येत होती, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी. मग त्या फसफशीचा पोत बदलला. दाट झाला. पडद्यावरचे विखुरलेले ठिपके एकाएकी चार जागी गोळा झाले, म्हणजे उपग्रहाचं बोलणं सापडलं. वरच्या कडेला एक ओळ उमटली. करड्या रंगाची, पापणीच्या केसाएवढी बारीक. तिच्याखाली दुसरी. मग ओळी एकीखाली एक उतरत राहिल्या, मागावर कापड उतरावं तशा.

पहिल्यांदा पांढरं आलं. कोणीतरी कागद चुरगाळून पुन्हा पसरावा तसं, सुरकुत्या पडलेलं पांढरं.

"ढग?" तुळजानं विचारलं.

"न्हाई," सुनील म्हणाला. "बर्फ हाय. हिमालय."

"आत्ताचा?"

"आत्ता. या घटकेचा."

पांढरं संपलं आणि त्याखाली धुक्याची एक लांबलचक पट्टी आली, गंगेच्या अख्ख्या मैदानावर अंथरलेली. त्याखाली भुईचे करडे डाग, डोंगरांच्या रेघा. सुनीलला सगळं ठाऊक होतं: लहरी कशा येतात, आकड्यांचं चित्र कसं होतं. दुकानात त्यानं हे तासभर समजावून सांगितलं असतं. आता त्यातलं एक वाक्य त्याच्या तोंडी आलं नाही. ते चित्र हळूहळू त्यांच्याकडं सरकत होतं, आणि जे बघत होतं ते खरोखरच त्यांच्या डोक्यावरच्या निळ्या आभाळातून येत होतं.

"नर्मदा," तो पुटपुटला. पुढं एक काळसर वळण आलं. "गोदावरी."

"म्हंजे आता नांदेड," मामा पुढं सरकत म्हणाले. "मग उदगीर. मग..."

मामांनी झटकन मान वर केली. त्यांच्याबरोबर सगळ्यांनीच केली. वर काही नव्हतं. एक घार, बाकी नुसतं ऊन. तरी चौघंही तसेच तोंड वर करून बसून राहिले. कोणीतरी आपलं नाव न घेता आपल्याकडं बघतंय, आणि जे दिसतंय ते लपवून न ठेवता आपल्यालाच सांगतंय, असं वाटून तुळजाच्या अंगावर काटा आला. तिनं हात चोळले.

सुनीलनं खाली बघून चित्राचा तेवढा भाग मोठा केला. करड्या भुईत एक काळा, वेडावाकडा ठिपका होता. तो त्यानं आईला दाखवला.

"हे कारंजा धरण, अव्वा. अन् ह्याच्या जरा वर, हितं, आपण."

बाणूबाई बाजेवर वाकली. डोळे बारीक केले. "आपण मंजी?"

"हे रान. ही बाज. तू. दिसत न्हाई एवढं बारीक, पण त्यात हाव."

मग तिनं विचारलं, "भीमा कुठं हाय?"

त्यानं एक पुसट रेघ दाखवली. बाणूबाईनं करंगळी पुढं केली. नखाची एक कड कमठाण्यावर ठेवली, दुसरी भीमेकडं नेली. जवळजवळ तेवढ्यातच सगळं मावलं. हुमनाबादचा माळ, चिंचोळीचे डोंगर, कलबुर्गीच्या अलीकडची काळी रानं. हिवाळा लागला की कळप घेऊन ज्या वाटेनं ती जायची, जिथं तिची थोरली लेक रस्त्यातच जन्मली, जिथं एकदा वादळात अर्धी मेंढरं दगावली, ती सगळी वाट तिच्या नखाखाली होती.

"एवढंच व्हय रे?" ती म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं. जत्रेत पहिल्यांदा रथ बघणाऱ्या पोरीसारखा आवाज होता तो. "आन् हे बाकीचं सगळं? एवढं मोठं हाय?"

"ह्याहून लई मोठं, अव्वा."

"मी चालून चालून दमले, तरी नखाएवढंच झालं." ती हसली आणि डोळे पुसले. मग एकदम सावध होऊन तिनं विचारलं, "हे बघितल्याचं कुणाला सांगावं लागंल का? नाव-बिव?"

"न्हाई. त्याला आपण हाव हेच म्हाईत न्हाई. त्यो नुसता सांगत जातो. कमठाण्यातबी ऐकू येतं, जनवाड्यातबी, लंकेतबी."

"फुकट?"

"फुकट."

"मग सांगणारा चांगला हाय," बाणूबाईनं निकाल दिला.

चित्र आता समुद्रात उतरलं होतं. दोन्ही बाजूंनी किनारे जवळ येत येत एका टोकाला मिळाले. बंगालच्या उपसागरात ढगांचं एक अजस्र पांढरं चक्र फिरून बसलं होतं. ते इतकं देखणं होतं की मामांनी नकळत हात जोडले. लंकेचा थेंब आला. मग ओळी तुटायला लागल्या, मुंग्या परतल्या, फसफस विरळ झाली. उपग्रह दक्षिणेच्या क्षितिजाखाली गेला होता.

सुनील पडद्याकडं बघत बसला होता. आयुष्यभर वाचलेल्या गोष्टींतली परकी यानं, दूरच्या वस्त्या, सगळं त्याला आवडलं होतं. पण त्या गोष्टी वाचताना छातीत जे व्हायचं, ते पहिल्यांदाच पुस्तक हातात नसताना झालं होतं. तुळजानं त्याला कोपरानं ढोसलं.

"बोला की काईतरी. तुमचं मत काय?"

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मग नुसतीच मान हलवली. तुळजाला हसू आलं, पण तिनं ते दाबलं, कारण त्याचे डोळे भरले होते.

"परत कधी येतो?" मामांनी विचारलं.

"जेवणं होईपर्यंत अजून एक फेरा हाय. पण ह्या वेळी पश्चिमेकडून जाईल. अरबी समुद्र, गुजरात, तिकडचं वाळवंट. आपण एकदम कडंला येऊ, वाकडेतिकडे."

"येऊ दे वाकडे," बाणूबाई म्हणाली. ती बाजेवरून उठायला तयार नव्हती. तुळजानं तिथंच भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा आणला. मामांनी शेजारच्या रानातल्या लोकांना हाका मारल्या. भाकरी संपेस्तोवर बाजेभोवती बरीच माणसं जमली. कोण मराठीत विचारत होतं, कोण कन्नडमध्ये, आणि मामा प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगत होते, जणू उपग्रह त्यांनीच सोडला होता.

फसफशीचा पोत बदलला तो सगळ्यांत आधी बाणूबाईला कळला. तिनं हात वर केला आणि सगळे गप्प झाले. पडद्याच्या वरच्या कडेला पहिली ओळ उमटत होती.

"सुन्या," नजर न हलवता ती म्हणाली, "उद्या दुकान जरा उशिरा उघड."