आर्वी रस्त्याची दोन पानं

“थांबा जी, मले घेऊन चाला.”

पंचेचाळीस वर्षं चिंधूदादाचा हा आवाज अन्नपूर्णाच्या कानात वस्तीला होता. आज चहाच्या उकळत्या गंजावर पुस्तक धरलं, तेव्हा तो पुन्हा आला. वाफ चढत होती. खळीनं चिकटलेली दोन पानं हळूहळू एकमेकांना सोडत होती.

नालवाडीच्या वाचनमंडळात दर रविवारी सकाळी पाचसहा जण जमत. प्रत एकच, वासुदेवराव मास्तरांची. पाळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं, एकही पान गाळायचं नाही, हा नियमही मूळ आर्वीच्या या मास्तरांचाच. सध्या एक जुनं, गाजलेलं प्रवासवर्णन चाललं होतं. चार मित्र, एक जीप आणि समुद्रापर्यंतचा रस्ता. आज पाळी मेघाची होती. आर्वीपाशी येऊन तिचं बोट चिकटलेल्या पानांवर अडलं होतं.

“राहू दे ती पानं,” मास्तर म्हणाले होते. “नुसतं झाडांचं वर्णन आहे.”

“वा मास्तर, नियम तुमचा अन् सूटबी तुमचीच?” कुणीतरी मागून म्हणालं.

सगळे हसले होते. अन्नपूर्णा तेवढी पुस्तक घेऊन शेगडीपाशी गेली होती.

आता मेघानं ओलसर पान उलगडलं आणि वाचू लागली.

“‘फाट्यावर जमाव एका तरुणाला मारत होता. काठ्या, पराण्या, एकाच्या हाती कुऱ्हाड. त्याचा कान लोंबत होता. तो धावत आला आणि त्यानं जीपचा दांडा धरला. वाट दाखवायला आर्वीहून घेतलेले मास्तर म्हणाले, थांबू नका. थोड्या अंतरावर त्याचा हात सुटला. पुढे संत्र्यांच्या बागा लागल्या. काय तो सुगंध...’”

मेघा थांबली. मास्तरांकडे कुणी पाहिलं नाही. न पाहणंही सगळ्यांना जड गेलं.

अन्नपूर्णा तेव्हा नऊ वर्षांची होती, तुरीत लपलेली. पाटलाचा मेलेला बैल ओढायला दादानं नकार दिला होता, एवढंच कारण. जीप गेली, दादा धुळीत पडला, आणि त्याच्या डोक्यात कुऱ्हाड बसल्याचा आवाज तिनं ऐकला. मग बैलासाठी आणलेला दोर त्याच्या पायाला बांधून त्यालाच ओढत नेलं. रस्ताभर रक्ताची ओळ उमटली. पोलिसांनी प्रेत घरी येऊ दिलं नाही, परस्पर जाळलं.

तिचा राग जमावावर होताच. पण एक राग दादावरही होता, आणि तो तिनं आईलासुद्धा कधी सांगितला नव्हता. आणखी फर्लांगभर धरून राहिला असता, तर वाचला असता.

तिनं गंज खाली उतरवला. हाताला चटका बसला, तरी सोडला नाही.

“तो माहा भाऊ होता,” ती म्हणाली. “मले एकच समजत नाई. त्यानं हात काऊन सोडला असंल?”

“थकला असेल, मावशी,” मेघा हळूच म्हणाली.

“दादा मणभर कापसाचं गाठोडं एका हातानं उचले.”

वासुदेवरावांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. एरवी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या त्या माणसाच्या तोंडी आर्वीची बोली आली.

“त्यानं सोडला नाई, बाई. मी जीपमधल्या लोखंडी पान्यानं त्याची बोटं ठेचली. चार घाव घालावे लागले.”