जयवंताबाईच्या नाड्या

त्या रविवारी मी नांदगाव पेठहून पॉपलीनचे तुकडे घेऊन अमरावतीची बस धरायच्या ऐवजी अकोल्याची धरली आणि दुपारी आईकडे पोचले. आईने एकेक तुकडा खिडकीपाशी नेऊन उजेडात ताणून पाहिला. एक बाजूला टाकला.

"यातून पाय दिसतीन. रस्त्यावर झोपनारीले असा परकर कसा चालन?"

आईने चाळीस वर्षं गल्लीतल्या बायकांचे परकर, ब्लाउज शिवले. शेवटची सहा-सात वर्षं ती स्टेशनाजवळच्या पुलाखाली राहणाऱ्या बायकांसाठी शिवत होती. परकराला आतून चेनचा खिसा लावायची. ज्या बाईला कपाट नाही, दार नाही, तिचं आधार कार्ड आणि असेल तो फोटो त्या खिशात राहायचा. साबण, तेल, पॅड, पिना, आतले कपडे ती घरोघरी मागून आणायची. वापरलेलं कोणी दिलं तर तिथल्या तिथे परत. शेजारच्या खुशालरावांना तिने भर ओट्यावर विचारलं होतं, "भाऊ, तुमी दुसऱ्याची चड्डी घालता का?" खुशालरावांच्या सूनबाई दुसऱ्या दिवशी कोरी डझनभर घेऊन आल्या.

भिंतीशी एकोणीस पिशव्या भरून ठेवलेल्या होत्या. आई मशीनवरून न उठताच म्हणाली, "उद्या येतं का संग?"

"उद्या कॉलेज आहे, आई."

"बरं."

तिने आग्रह केला नाही. तीन वर्षं करत नव्हती. निघताना डब्यात भाकर आणि ठेचा बांधून दिला आणि म्हणाली, "जाय, बस चुकन तुही." सोमवारी सकाळी मशीनवर डोकं टेकून ती गेली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. मी अमरावतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. एका चर्चासत्रासाठी आम्ही चौघी अकोल्याला उतरलो होतो. पुलाखालून जाताना आई दिसली. वर्तमानपत्र अंथरून बसलेली, पुढ्यात एक बाई, आणि आई तिचे जटा झालेले केस विंचरत होती. माझ्यासोबतच्या बाई नाकाला रुमाल लावत म्हणाल्या, "या भिकारणी बघा, भर रस्त्यात एकमेकींच्या उवा काढतात." आईने मान वर केली. आमची नजर भेटली. मी काही बोलले नाही. आईने पदर पुढे ओढला आणि तोंड झाकून घेतलं. त्या संध्याकाळी तिच्याकडे जेवताना आम्ही दोघी तुरीच्या डाळीबद्दल बोललो.

तेरावं झाल्यावर मी पिशव्या उघडल्या. एकसारख्या दोनही नव्हत्या. एकीत दोन कंगवे, दुसरीत एकही नाही. एकीत पॅडची तीन पाकिटं, दुसरीत नुसती खोबरेल तेलाची मोठी बाटली. मला वाटलं, जसं मिळालं तसं तिने भरलं. मग मी माझ्या सवयीने वागले. सगळं जमिनीवर मांडलं, कमी होतं ते बाजारातून आणलं आणि प्रत्येक पिशवीत सारखं भरलं. परकर घड्या घालून वाटेल तसे ठेवले. पिशव्यांची तोंडं मळक्या, गाठी मारलेल्या नाड्यांनी बांधलेली होती. त्या सोडून मी नव्या फिती बांधल्या. गाठी आईच्या हातच्या होत्या, म्हणून नाड्या तेवढ्या टाकवल्या नाहीत. पर्समध्ये ठेवल्या.

दुपारी चारला रिक्षातून पुलाखाली गेले. बायका जमल्या. आई, त्यांची जयवंताबाई, गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं; मी तिची कोण, हे मात्र मी सांगितलं नाही. मी पिशव्या वाटल्या. पहिल्यांदा हसली ती डोक्याच्या जखमेसाठी केस काढलेली मुलगी. तिने माझा कंगवा टाळूवरून फिरवून दाखवला. मग शहाजादी नावाच्या सडपातळ बाईने परकर उघडून अंगाशी धरला.

"बाजी, ये मेरा नहीं है. ये तो मैनाबाई का तंबू है!"

"तंबू म्हनते मले!" मागून एक जाडजूड म्हातारी गरजली. "तुह्या हाडाले नाडी तरी कायले पायजे वं? सुतळी बांध."

सगळ्या हसल्या. मी म्हणाले, "मी सगळ्यांना सारखंच दिलंय."

"तेच तर चुकलं," मैनाबाई म्हणाली. "नाड्या कुठं हायत?"

मी पर्स उघडून तो गुंता तिच्या हातात दिला. तिने तो वर्तमानपत्रावर ठेवला. बायका वाकल्या, आणि कोणीही न अडखळता आपापली नाडी उचलली. आई मापाची टेप वापरत नसे. टेप पाहून एक बाई घाबरली होती, मैनाबाईने सांगितलं, दवाखान्यातलं काही वाटलं तिला. तेव्हापासून आई प्रत्येकीच्या कमरेला नाडी गुंडाळायची आणि माप येईल तिथे तिच्या समोर गाठ मारायची. तीच नाडी पुढे तिच्या पिशवीला.

मग त्या एकमेकींचे परकर नाडीला लावून पाहू लागल्या. "हा तुहा." "हा काळा सलमाचा, तिले पांढरा चालत नाई." कंगवे मैनाबाईकडे गेले, दोन. पॅड तरुण मुलींकडे. जिच्या उजव्या हाताला बोटं नव्हती तिच्यासाठी हुकाचा परकर होता, तो तिच्या मांडीवर न मागता येऊन पडला. जेमतेम पाव तास लागला. आज नसलेल्या दोघींच्या पिशव्याही त्यांनी भरून बांधल्या, आठवणीने. मी उभी होते. पस्तीस हजार पुस्तकं कुठे आहेत ते मी डोळे मिटून सांगू शकते, याचा मला अभिमान होता. माझी आई एकोणीस बायकांना असं ओळखत होती, आणि त्या एकमेकींना.

"तू कोन्त्या संस्थेची वं?" मैनाबाईने विचारलं. उत्तराची वाट न पाहता ती माझ्याकडे पाठ करून बसली आणि खांद्यावरून कंगवा मागे धरला. "माये केस जयवंताबाई विंचरे. लय गुतले आता."

मी वर्तमानपत्रावर बसले. टोकापासून सोडवायला लागले, लहानपणी आई माझे सोडवायची तसे. एवढ्यात गाडी आली असावी. लोक पुलाखालून जाऊ लागले. सुटकेस ओढणाऱ्या एका बाईने आमच्याकडे पाहिलं आणि मुलीचा हात धरून तिला पलीकडच्या बाजूला घेतलं. माझा हात ओढणीकडे गेला. तेव्हा मला कळलं की आईने त्या दिवशी तोंड स्वतःसाठी झाकलं नव्हतं.

मी ओढणी सोडली.

"मैनाबाई, तीन वर्षांपूर्वी मी इथूनच गेले होते. जयवंताबाई अशाच बसल्या होत्या. माझ्यासोबतची बाई त्यांना भिकारीण म्हणाली. मी गप्प राहिले."

मैनाबाईची मान हलली नाही. "मंग आता बोल," ती म्हणाली.

जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हणाले, "ती माझी आई आहे."