बांधणाऱ्याचं नाव

कोपर. फोटोच्या उजव्या कडेला, उघड्या इंजिनाच्या वरती, नुसतं एक कोपर — हिरव्या लोकरीचं, आणि त्यावर तपकिरी सुतानं केलेलं रफू. जेनिसनं फोटो खिडकीपाशी नेला. बाहेर फेब्रुवारीतला उजेड, म्हणजे नसल्यातच जमा, पण रफू ओळखायला तेवढा पुरला. आपलं रफू कुणाला ओळखू येत नाही? घाईघाईत चार टाक्यांत उरकलेलं, कारण डेरिक गॅरेजमध्ये खोळंबला असेल… कोपराच्या पुढे दंड नाही, खांदा नाही, माणूस नाही. कडा अगदी सरळ, पट्टी धरून धारदार पात्यानं कापलेली.

डेरिकनं गाडीबरोबर दिलेली सगळी फाईल तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. बेचाळीस फोटो, सगळे डेरिकच्या बायकोनं, पॉलिननं काढलेले. चहाचा ट्रे ठेवायला आली की ती हटकून म्हणायची, "बघा रे इकडे दोघं." दोघं! आता बेचाळीस फोटोंत डेरिक आहे. डेरिक चाक बसवताना, डेरिक पाना हातात धरून हसताना, डेरिक मोकळ्या सांगाड्यात सम्राटासारखा बसलेला. काही फोटो चौकोनी, काही चिंचोळे. मी कुठे आहे? मी तर तिथेच होते, त्याच्या डाव्या हाताला, शनिवारी दुपारी दोनपासून दिवेलागणीपर्यंत, सहा हिवाळे.

गाडी खोक्यांतून आली होती, घरीच जोडून उभी करायची अशी. टप, नळ्या, पत्रे, सगळं सुटं. आणि इंजिन, आस वगैरे डेरिकच्या जुन्या चार दारांच्या मोटारीतून काढलेलं. बाकी सगळं त्याला जमायचं, पण वायरिंगपुढे त्यानं हात टेकले. डेरिकला लाल आणि हिरव्यातला फरक दिसत नाही. म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं उपकरणं दुरुस्त करणारी शेजारीण त्याला आठवली. गाडीतली एकूण एक तार जेनिसनं जोडली. दिवा पहिल्यांदा लागला त्या दिवशी त्यानं तिला उचलून गोल फिरवलं होतं, आणि पॉलिन दारात टाळ्या वाजवत होती… फोटो काढला होता का तिनं तेव्हा? काढला असेल. कापून काय उरलं असेल त्यातलं?

गेल्या शरदात डेरिकचे गुडघे गेले. त्या बुटक्या गाडीत शिरणं जमेना. "दुसऱ्या कुणाला देववत नाही गं, पोरी," तो म्हणाला. साठीच्या बाईला तो पोरीच म्हणतो. "तुझा हात लागलाय हिला. तूच घे." त्या एका वाक्यावर जेनिस कितीतरी दिवस तरंगत होती. कागद बघायचे असतात, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. डेरिकचे कागद काय बघायचे!

गाडी नावावर करायला तिनं कागद पाठवले, आणि काल तपासनीस आला. पोरसवदा, नाक लाल झालेला, पण मिस्कील. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "बाई, तुमच्या कागदावर चार दारं आहेत. मोतिया रंग. मागे तिघं बसतात. मला इथं एकही दार दिसत नाही."

"ती जुनी गाडी. तिचे भाग घेऊन ही बांधली."

"ते कळतंय हो. पण कुणी कळवलं का? म्हणजे कागदावरची गाडी केव्हाच मेलीय, आणि ही बिचारी अजून जन्मलीच नाही. अकरा वर्षं मेलेलीच्या नावावर हिंडतेय!" मग त्यानं फाईल चाळली. "फाईल झकास आहे. फक्त कधी पाठवलीच नाही कुणी." जाताना फॉर्म देऊन बजावलं, "गाडी कुणी बांधली त्याचं नाव, त्याची सही, आणि बांधतानाचे फोटो. फोटोत जो दिसतो त्याचंच नाव लिहा हं. नाव एकाचं नि फोटो दुसऱ्याचा, असं झालं तर गाडी शेडमध्येच म्हातारी होईल."

तेव्हा ती हसली होती. फोटो तिनं पाहिलेच नव्हते ना.

तिनं फोन लावला.

"डेरिक, फोटो कुणी कापले?"

"कुठले गं? हां, ते होय! अगं, हापिसात एकच नाव चालतं. दोन माणसं दिसली की छप्पन्न प्रश्न. म्हटलं, तुला कशाला त्रास."

"मला सांगायचंस तरी."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? तू पण ना, जेनिस… लिही माझं नाव, मी करतो सही. शनिवारी येतो. पॉलिनला आल्याचा केक करायला सांगतो."

"बरं," ती म्हणाली. आणि खरंच बरं वाटलं तिला. हापिसासाठीच तर कापले! नियम म्हटल्यावर तो तरी काय करणार? तिनं किटली ठेवली, कप विसळला, दूध काढलं… आणि दुधाची बाटली हातात तशीच राहिली.

हापिसात फाईल गेलीच नव्हती.

अकरा वर्षं फाईल त्याच्या कपाटात होती. मग त्यानं मला कुणासाठी कापलं? कोण बघणार होतं? हौशी मोटारवाल्यांच्या क्लबातली मंडळी. उन्हाळ्यातल्या मेळ्यांत गाडीच्या नाकावर फाईल उघडी ठेवून तो उभा राहायचा, आणि कुणी विचारलं की सांगायचा, "वायरिंग? अहो, जीव गेला माझा वायरिंगनं!" जेनिस तिथेच असायची, दोन पावलांवर, सँडविचं वाटत. थट्टा करतोय असं समजून हसायची. लोकही हसायचे — कशाला, ते तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. फाईल मात्र तिच्या हाती कधी आली नाही. "हात तेलकट आहेत तुझे," म्हणायचा.

ती शेडमध्ये गेली. गाडीत बसली, फॉर्म मांडीवर घेतला. त्याचं नाव लिहिलं की एप्रिलमध्ये टेकड्यांतल्या त्या वळणावळणाच्या रस्त्यांवर ही गाडी धावेल, आपण चालवू. दोघांची नावं लिहिली तर खरं होईल, आणि गाडी इथंच, या ताडपत्रीखाली. आयुष्यात आपण एवढी एकच गोष्ट केली जी उठून चालू लागली… आणि तिची आई कोण, हे सांगायला एक साक्षीदार नाही. रागानं फाडले असते फोटो, तर समजू शकले असते. राग तरी माणसावर येतो. त्यानं मला नखं कापावीत तसं कापलं, शांतपणे, बेचाळीस वेळा, आणि नंतर माझ्याच हातचा चहा प्यायला. विश्वासघात म्हणतात तो हाच. शब्द मनात आला तेव्हा तिला तो पुस्तकी वाटला, मग वाटेना.

पेनचं टोपण काढून ती बसून राहिली. चौकट रिकामी होती. त्याला काय काय सुनवायचं ते ती मनात जुळवू लागली, एकेक वाक्य, धारदार, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो दारात उभा होता, ओल्या टोपीनं, केकचा डबा घेऊन. आज मंगळवार. म्हणजे मधे बुध, गुरू, शुक्र… आपलं मन हे मोजतंय, हे तिच्या लक्षात आलं. सगळं कळून चुकल्यावरसुद्धा ते शनिवारची वाट बघत होतं, सहा हिवाळे बघितली तशीच. डेरिकला कदाचित ती उद्या-परवा माफ करूही शकली असती. हे मात्र तिला स्वतःला माफ करता येईना.