पलीकडच्या गोदामातली गाडी

पलीकडच्या श्रीमंत देशात मला पाय ठेवायची सोय नाही. तिथल्या गोदामात माल उचलणारी गाडी मात्र मीच चालवतो, इथे अलीकडे खुर्चीत बसून, पडद्यावर बघत. त्यांना आमचे हात हवेत, बाकीचे आम्ही नकोत. आमच्या हॉलमध्ये असे चाळीस जण आहेत. माझ्या शेजारी सख्खा मामा बसतो. गोदामात लपलेला माणूस दिसला की गाडीच्या दिव्याची दोनदा उघडझाप करायची, मग बाकीच्या गाड्या येऊन त्याला घेरतात.

आज खोक्यांमागे एक जण अंग चोरून बसलेला दिसला. त्याने मान वळवली. तो माझा धाकटा भाऊ होता. आठवड्यापूर्वी तो घरात कुणाला न सांगता सीमेवरची नदी ओलांडून गेला होता.

त्याला पळ म्हणून सांगायचं कसं? लहानपणी बाबा येताना दिसले की मी खिडकीतून टॉर्च दोनदा लावून त्याला सावध करायचो. घाबरून हात त्याच सवयीने चालला, गाडीचा दिवा दोनदा लागला.

भावाने गाडीकडे निरखून पाहिलं आणि ओळखीचं हसला.

"घाबरू नकोस भाच्या," मामा स्वतःच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आलोच मी गाडी घेऊन."